सात अक्रोड

यंदा पहिलीत बोटांवर मोजण्याइतकीच मुलं,
खरोखर एका हाताची. अंगठा दुमडूनच ठेवावा लागतो.
तेक्ले, गेगा, बार्बारे,
आणि मेंढपाळाचा उचा, जो खिडकीशी बसून
समोरच्या उतारावरच्या मेंढ्या राखतो, शाळेतून.

तेक्लेला शंभरापर्यंत येतं. येतं म्हणजे म्हणता येतं,
मधल्या स्टेशनांवर न थांबणाऱ्या आगगाडीसारखं.
टेबलावर पाच बटणं ठेवली तर तिची सहा होतात,
जीभ बोटाच्या पुढे धावते म्हणून.
मी तिचं बोट धरते. एक बटण, एक शब्द.
बटणाला हात लागल्याशिवाय शब्द खर्चायचा नाही.
सप्टेंबर यातच गेला.

ऑक्टोबरात फासे. न मोजता सांगायचं.
चार दिसले की चार, जशी दारात आई दिसली की आई,
नाक एक, डोळे दोन असं करत बसत नाही कुणी.
बार्बारे पाचही ओळखते.
सहाला मात्र लाजते.

आमच्या भाषेत अकरा म्हणजे 'तेर्तमेती':
दहा, वर एक.
कोटाच्या अस्तरात नाणं शिवावं
तसा शब्दातच हिशेब शिवलेला.
मी तो मुलांना उसवून दाखवते.
चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन.
गेगा म्हणाला, आमची आजी चार विसा आणि दोन,
म्हणजे चार माणसांची हातापायाची सगळी बोटं
तिनं एकटीनं वापरली,
आणि वर कुणाची तरी दोन उसनी घेतली.

उचाचं वेगळंच.
किती, ते त्याला सांगता येत नाही;
कोण नाही, ते येतं.
"काल मेंढ्या किती आल्या?"
"फाटक्या कानाची नाही आली."
तपासणीला साहेब आले, त्यांनाही हेच सांगितलं.
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं,
माझ्याकडे न बघता.

तर अक्रोड.
सात अक्रोड दाटीनं मांडले. उचानं मोजले. सात.
मग मी ते पांगवले, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आता किती?
तो पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन…
रोज. सारा नोव्हेंबर. बर्फ पडला.
शेगडीतली लाकडं संपली, आणली, संपली.
मी पांगवायची, तो मोजायचा,
जणू लांब गेलेल्या अक्रोडाचं
वाटेत काही बरंवाईट झालं असेल.

एका मंगळवारी मी विचारलं
आणि त्यानं खिशातून हातच काढला नाही.
"मोजले की मघाशी," म्हणाला.
"नुसते हललेत."

मला टाळी वाजवायची होती.
मी खडू शोधत राहिले. खडू हातातच होता.

तेवढ्यात कडकन आवाज. गेगानं दारात घालून एक फोडला,
अर्धा तेक्लेला दिलासुद्धा.
उचानं टरफलं पाहिली, नीट, दोन्ही.
"आता सहा," म्हणाला. "तो गेला."

शाळा सुटल्यावर मी दरीतले दिवे मोजते, जुनी खोड आहे.
मी नोकरीला लागले तेव्हा दोन विसा आणि काही होते,
आज नऊ, त्यातला एक शाळेचाच, मी विझवायला विसरलेला.
बेसो पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
इर्मा इटलीत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते.
त्यांचे वडील चर्चमागच्या टेकडीवर,
तिथला बर्फ रविवारी मी झाडते.

फळीवर ताटल्या चार.
दोन नुसत्या हलल्यात, मी स्वतःशी म्हणते.
मोठ्यानं म्हणून बघते.
घरात आवाज विचित्र वाटतो.

उद्यापासून पुस्तकात वजाबाकी.
पान उघडून ठेवलंय: फांदीवर पाच पक्षी, दोन उडालेले,
कुठे ते चित्रकारानं काढलेलं नाही.
उचा ते विचारणार, मला माहीत आहे.
आणखी आठवडाभर
मी अक्रोडच घेईन म्हणते.